तिथलीच एक बाई

माय, आज दुपारी भरल्या वर्गात मी तुला ‘तिथलीच एक बाई’ म्हटलं. हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू माझ्यापासून चार हातांवर उभी होतीस आणि तुला स्पष्ट ऐकू गेलं होतं. आज ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता, तुला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. तरी जीभ आपोआप त्याच वळणाने गेली, जशी म्हैस न हाकता गोठ्यात जाते. वर्ग सुटल्यापासून लॉजच्या खोलीत बसलो आहे. तुला लिहिण्यात तसा काही अर्थ नाही हे मला कळतं. तू होतीस तेव्हाही माझं पत्र तुला शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागायचं, म्हणून मी पत्रात खरं काही लिहीतच नसे. मी बरा आहे, तू बरी अस, तब्येतीला जप. आज वाचून दाखवणारं मध्ये कुणी नाही, एवढी एक सोय झाली आहे.

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात दोन दिवसांचं शिबिर आहे, सिनेमा कसा बघावा ह्याचं, आणि शिकवणारा मी. तू म्हणाली असतीस, ह्यात शिकवायचं काय, डोळे उघडे ठिवले की दिसतंय. मुलंही साधारण हेच समजून येतात. मग मी त्यांना सांगतो की पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी त्याच्या मागची भिंत बोलून गेलेली असते. खाट कुठे ठेवली, उजेड दारातून येतो की छपराच्या फटीतून, बाई उंबऱ्याच्या आत उभी आहे की बाहेर, तिच्या डोक्यावर किती जागा रिकामी सोडली, ह्या सगळ्याने आपलं मत आधीच बनलेलं असतं. कथा नंतर येते आणि त्या मतावर नुसता अंगठा उठवते. संस्कृतात ह्याला शब्द आहे, आहार्य. नटाने हातापायांनी, आवाजाने, मनाने करायचं ते वेगळं. आहार्य म्हणजे बाहेरून त्याच्यावर चढवलेलं, वेष, रंग, दागिने, भोवतीचं सामान. हे सांगताना मी थोडा थांबतो, चष्मा काढतो आणि पुसतो. चष्मा स्वच्छच असतो. पण शिकवणाऱ्याचंही थोडं आहार्य लागतं.

उदाहरण म्हणून दाखवायचा तुकडा आयोजकांनी निवडला होता, आणि तो तुझा निघाला. तुला आठवत असेल, मातीची काळवंडलेली खोली, दारात म्हातारी, तिच्या मागे भिंतीवर कसलेतरी दोन निळे चौकोन, आणि ती रस्त्याकडे बघते आहे. संवाद नाही, संगीत नाही. शहरात गेलेला मुलगा तिला विसरला आहे, हे त्या तेवढ्या चित्रात कळतं. मी नेहमीप्रमाणे बोललो: बघा, घरात एकही नवी वस्तू नाही, म्हणजे मुलाने काही पाठवलेलं नाही. बघा, भिंतीवरचे चौकोन रिकामे आहेत, म्हणजे माणसं गेली आणि त्यांच्या जागा राहिल्या. मुलं भराभर लिहून घेत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी लिहीत नव्हती. हुलसूरकडची. उभी राहून म्हणाली, “सर, ती बाई कोण हाय? नटी वाटत न्हाई.” मी म्हटलं, तिथलीच एक बाई. त्यावर ती म्हणाली, “आन् त्या चौकोनांत आदी कुणाचे फोटो हुते?” मी म्हटलं, कुणाचेच नाही, ती कला विभागाची कल्पना. ती मग म्हणाली, “न्हाई, आमच्या घरी बी त्याच जाग्यावर, तेवढ्याच उंचीवर दोन फोटो हायेत, म्हून इचारलं.” मी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाला अजून वेळ होता. आयोजक गोंधळले, पण पाहुण्यापुढे कोण बोलतो.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी ओळीने लिहितो, कारण आजवर कुणाला ओळीने सांगितलेलं नाही. सुरुवात तूच केलीस. उदगीरच्या शाळेत आठवीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तू मला संस्कृत घ्यायला लावलंस. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी बाई, स्वतःला सही येत नाही, आणि मास्तरांपुढे पदर खोचून उभी: “ज्ये आमच्या कानावर पडू दिलं न्हाई, त्ये हा पाठ करून येऊ द्या. बगू तर खरं, काय हाय त्यात.” पुढे सुट्टीत घरी आलो तेव्हा तू भाकरी थापता थापता विचारलंस, “मंग? काय हाय त्यात?” मी म्हटलं, अजून तरी बरंचसं व्याकरण आहे. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, “एवढ्यासाटी व्हय?” त्या विषयावर ह्याहून नेमकं काही मी नंतर पदवीपर्यंत वाचलं नाही.

पण संस्कृतानेच पोट भरलं, हेही खरं. घराघरांत केबल आली, देवादिकांच्या मालिकांचा सुकाळ झाला, आणि हैदराबादेत प्लायवूडच्या देवळांवर श्लोक रंगवणारा माणूस हवा होता ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळतं. औराद तालुक्यातलं बौद्धाचं पोर इंद्राच्या सभेचे खांब रंगवायला लागलं. पुढे मुंबईला गेलो, कला दिग्दर्शकाचा मदतनीस झालो. तिथे मला सगळे शास्त्री म्हणायचे. गंमत म्हणून सुरू झालं. आपलं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. वर संस्कृत येतं, मटण खात नाही (मला ते पहिल्यापासून पचत नाही, हे तुझंच दुखणं होतं), तेव्हा लोक काय ते धरून चालले. मी कुणाला खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही. फक्त सेटवर गणपतीची पूजा करायची वेळ आली की नारळ माझ्या हातात यायचा, आणि मी तो फोडायचो. चांगला फोडायचो.

मग तो सिनेमा आला. दिग्दर्शकाला खरं गाव हवं होतं, कुणी न पाहिलेलं, आणि दोन राज्यांच्या मधलं असेल तर फारच उत्तम. त्याने मला विचारलं, शास्त्री, तू तिकडचा ना? मी म्हटलं, एक घर आहे माहितीतलं. माझ्या माहितीतलं, एवढंच म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. संस्कृत शिकल्याचा हा एक फायदा, माणूस खोटं न बोलता बरंच लपवू शकतो. पाटलाच्या फोनवर तुला बोलावून घेतलं आणि तीन-तीनदा बजावलं: माय, घराला हात लावू नको, जसं आहे तसंच राहू दे. तू म्हणालीस, व्हय व्हय, समजलं. आणि तुला जे समजलं ते कुठल्याही मायला समजलं असतं. माणसं येणार म्हणून पोरगं लाजून ‘काही करू नको’ म्हणतंय, तेव्हा सगळं करायला पाहिजे. तू खुरप्याचं काम बुडवून घर सारवलंस, चुन्यात नीळ कालवून चारी भिंती रंगवल्यास. नीळ जरा जास्तच पडली होती. आमच्या गाड्या वळणावर आल्या तेव्हा लांबूनच ते घर इतकं निळं दिसलं की दिग्दर्शक हसून म्हणाला, ते काय, शाळा आहे का? मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आत तर तू कमालच केली होतीस. आता मी हे शिकवतो, म्हणून मला दिसतं की त्या खोलीत मांडणी होती, पुरती विचार करून केलेली, आणि ती दारात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होती. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि निळ्या कोटातले बाबा, काच पुसलेली, दोघांना नवे हार. त्याखाली फळीवर स्टीलचे डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी पाठवलेलं लोखंडी कपाट खिडकीला अर्धं झाकून उभं, आरसा बरोबर दाराकडे. मी मागे एकदा म्हटलं होतं, अगं, हवा अडते. तू म्हणाली होतीस, “हवा अडंना का, दिसलं पायजे.” टीव्हीवर दोऱ्याचं कव्हर, त्यावर प्लास्टिकचे दोन पोपट, ते मात्र भयंकर होते, मी तेव्हाही सांगितलं होतं. पंखा दिवसा सुरू, वीज असली की. आत येणाऱ्याला एका नजरेत कळावं: हितं कोन मागून खात न्हाई, आन् पोरगं इसरलेलं न्हाई. खोली तेवढंच बोलत होती आणि खणखणीत बोलत होती.

दिग्दर्शक दारात उभा राहिला, त्याने दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांची चौकट करून डोळ्याला लावली आणि म्हणाला, “हे सगळं नको.” माणूस वाईट नव्हता. त्याला हवं ते अगदी स्वच्छ माहीत होतं. म्हणाला, ह्या म्हाताऱ्या बाईचा मुलगा शहरात गेला आणि तिला विसरला, हे मला कुणाच्या तोंडून नको, भिंतींनी सांगितलं पाहिजे. मुलाने पाठवल्यासारखं दिसेल असं काहीही घरात नको. मग आम्ही चौघांनी मिळून कपाट बाहेर काढलं. मी आरशाच्या बाजूने धरलं होतं आणि आरशात तू मला दिसत होतीस. टीव्ही गेला, पंखा गेला, डबे गेले, पोपट गेले (ते जाताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो). सगळं अंगणात लिंबाखाली मांडून ठेवलं, जप्ती आल्यासारखं. आणि आमचे रंगारी माती, शेण आणि काजळी कालवून तुझ्या निळ्या भिंतींवर फासायला लागले. आमच्या धंद्यात त्याला घर मळवणं म्हणतात. ती कला आहे, तिचे चांगले पैसे मिळतात.

शेजारची अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. हटकराची, मेंढ्या विकून शेती घेतलेलं घर. उभं आयुष्य तुझ्याशी बांधावर भांडली, कधी तुझ्या दारात पाणी प्यायली नाही, आणि तुझ्या घरी सिनेमा आला म्हणून सकाळपासून जळत होती. “व्हय गं, तुझ्या घरात सिनिमा, आन् माझ्या घरात काय भुतं नाचायलेत? मला तर कुणी इचारलं बी न्हाई.” मग भिंतीला शेण लागताना बघून तिचा सूर बदलला. “अगं बया, काल तर रंगवलीस की! आन् ह्ये काय घान करायलेत? बोल की त्यान्ला! ह्यो तुझा ल्योक न्हवं का तितं उभा—”

तू तिला मध्येच तोडलंस. “अक्का, गप. साहेब लोक कामात हायेत.”

तिथे मी साहेब झालो. मला वाटतं तोवर तुला कळलं होतं. गाडीतून उतरल्यावर मी तुझ्या पाया पडलो नव्हतो. ‘नमस्कार बाई’ म्हटलं होतं आणि तू ओठ मिटून माझ्याकडे पाहिलं होतंस. सगळे मला शास्त्री, शास्त्री करत होते, तेही तू ऐकलं असशील. तू कधी काही विचारलं नाहीस. जे काय ते तू एका क्षणात जुळवलंस आणि त्याला साजेसं वागायला लागलीस, आणि माझी अशी सोय करून दिलीस की ती नाकारायलाही मला जागा उरली नाही.

दुपारनंतर कळलं, नटीची गाडी हुमनाबादच्या पुढे बंद पडली आहे. दिग्दर्शक चिडला, पानं चघळत फेऱ्या मारायला लागला, आणि फिरता फिरता त्याला तू दिसलीस. लिंबाखाली, आपल्याच कपाटाला टेकून उभी. म्हणाला, “ही कोण?”

मी म्हटलं, तिथलीच एक बाई.

“हिला उभी करा दारात. चेहरा बघ रे, काही करायलाच नको.” तुझ्या अंगावर त्या दिवशी नवं इरकल होतं, काठाची घडी न मोडलेलं. कपड्यांच्या विभागातल्या मुलीने एक विटलेलं, ठिगळाचं लुगडं पुढे केलं. तू ते चिमटीत धरून पाहिलंस. “जुनं आमच्याकडं बी हाय की बाई. पर त्ये धुतल्यालं हाय.” मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, हेच नेसा. तू नेसलीस. कॅमेरा लावला तेव्हा मागची भिंत चौकटीत आली, जी आधी येणार नव्हती, म्हणून रंगाऱ्यांनी तिथे फोटोंच्या भोवतीने घाईघाईत माती मारून ठेवली होती. दिग्दर्शक म्हणाला, फोटो काढा, त्यांनी भलताच अर्थ होतो. कुणाला तरी सांगता आलं असतं. पण दुसऱ्या कुणी ते काढताना ‘हे कुणाचं घर’ म्हणून चौकशी होईल, ह्या धास्तीने मीच स्टुलावर चढलो. तू खाली उभी होतीस, त्या मळक्या लुगड्यात. एवढंच म्हणालीस, “हळू. काच हाय.”

फोटो कुठे ठेवायचे कळेना, सगळ्यांचे हात मातीचे. अक्का पुढे आली. मी बघतच राहिलो. तिने पदराला हात पुसले, आधी बाबा घेतले, मग बुद्ध, आणि दोन्ही छातीशी धरून कॅमेऱ्याच्या मागे उन्हात उभी राहिली. जोवर काम चाललं तोवर हलली नाही. पोटच्या पोराला जेवढं जमायला पाहिजे होतं तेवढं शेजारणीला जमलं, आणि तेही फारशा प्रेमाशिवाय.

भिंतीवर दोन स्वच्छ निळे चौकोन राहिले होते. ते आज वर्गात मी ज्या थाटाने समजावले तो थाट माझाच आहे. सिनेमा आल्यावर लिहिणाऱ्यांनी त्या चौकोनांचं फार कौतुक केलं, गेलेल्यांच्या रिकाम्या जागा वगैरे, आणि विचारलं की ही सूक्ष्म दृष्टी कुणाची. मी नम्रपणे मान खाली घातली. माझं बस्तान त्यावर बसलं. खरं असं की ते चौकोन दिसताक्षणी मी मातीची बादली मागवली होती. नीळ झाकून टाकायची होती मला, एक बोटभरही नको होती. ऊन उतरत होतं म्हणून दिग्दर्शक ओरडला, राहू दे, घे. त्या चित्रात तुझं स्वतःचं असं जे काही उरलं ते उजेड कमी पडला म्हणून उरलं.

आणि मग तू अभिनय केलास. पहिल्यांदा तर फार वाईट केलास: थेट कॅमेऱ्यात बघितलंस आणि पदर सारखा केलास, फोटो काढायला बसल्यासारखी. दिग्दर्शक म्हणाला, तिला सांग, कॅमेऱ्यात नाही, रस्त्याकडे बघ, आणि मनात आण की मुलगा येईल. हे तुला तुझ्या भाषेत सांगायचं काम माझं. मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभा राहून सांगितलं. तू ऐकून घेतलंस. सगळ्यांसमोर, मोठ्याने, अगदी आदबीने विचारलंस: “साहेब, कुनाकडं बगू मंग?” मी म्हटलं, रस्त्याकडं. “बरं.” आणि तू बघितलंस. रस्ता उजवीकडे होता. आज मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिलं, तू डावीकडे बघते आहेस. त्या नजरेवर लोक बोलतात, त्यात किती वाट बघणं साठलंय म्हणतात. त्यांना रस्ता कुठे होता हे माहीत नाही.

संध्याकाळी आम्ही सगळं सामान परत आत लावलं. भिंती नाही पुसल्या, तेवढा वेळ नव्हता, बीदरला मुक्कामी पोचायचं होतं. तो सिनेमा पुढे टीव्हीवर आला आणि आख्ख्या पंचक्रोशीने पाहिला. त्यानंतरचं मला तुझ्याकडून नाही, अक्काकडून कळलं. बाजारात बायका तुला थांबवून विचारायच्या, अगं, पोरगं काईच देत न्हाई व्हय? उदगीरच्या आत्याने तर ज्वारीचं पोतं पाठवलं. तू ते परत पाठवलंस. आणि जो कोणी दारावरून जाईल त्याला, पोस्टमन असो, बांगड्या विकणारी असो, हाताला धरून आत न्यायचीस आणि कपाट उघडून दाखवायचीस: “बगा. हाय का न्हाई? ह्यो पंखा बगा. सिनिमात काडून ठिवलं हुतं त्ये.” अक्का सांगायची आणि हसायची. “येड लागल्यागत करायली बग तुझी माय. परवा मला बी दाखवलं, मी काय बगितलं न्हाई व्हय?” मीही हसलो होतो. मी माझ्या हातांनी घराबाहेर काढलेली साक्ष तू एकेका माणसापुढे पुन्हा मांडत होतीस, माझ्याच बाजूने.

मला मात्र तू त्यानंतर कधी नावाने हाक मारली नाहीस. जयंतीला घरी आलो की, “साहेब, च्या घेता का?” जेवताना, “साहेबांना भाकर वाडू का आजून?” इतक्या सहज आणि इतक्या गोड आवाजात की तक्रार करायची सोय नाही. ती चेष्टा होती की शिक्षा, मला कधी ठरवता आलं नाही; चेष्टा करण्याची खोड मला तुझ्याकडूनच आली आहे, तेव्हा तिची धार मला कळायला हवी होती. एकदाच धीर करून म्हटलं, माय, साहेब म्हणू नको ना. तू म्हणालीस, “का बरं? तितं चाललं की.”

शेवटी बीदरच्या दवाखान्यात तू होतीस. नर्स सलाईन लावताना माझ्याकडे बघून तुला दखनीत म्हणाली, “अम्मा, ये कौन होते तुमारे?” तू मान वळवून माझ्याकडे बघायला लागलीस, शिकवणारी बाई पोराकडे बघते तशी, येतंय का बघू. मी म्हटलं, बेटा हूँ. नर्स गेली. तू डोळे मिटलेस, मला वाटलं झोप लागली. मग तसेच डोळे मिटून म्हणालीस, “व्हय. हितं कोन बगायलंय.”

ते वाक्य मी वर्गात वापरलेलं नाही, एवढी लाज शिल्लक आहे.

उद्या दुसरा दिवस. ती हुलसूरची मुलगी पहिल्या तासाला येईल, आयोजकांनी सांगितलं की ती रोज दोन-अडीच तास बसने कॉलेजला येते आणि पहिला तास चुकवत नाही. मी ठरवलं आहे की तोच तुकडा पुन्हा लावायचा आणि सांगायचं, ही माझी आई, हे आमचं घर, आणि तिथे कुणाचे फोटो होते ते. हे पत्र कुठे पाठवणार, ते ह्या खोलीतच राहील. पण ‘ही माझी आई’ हे वाक्य तरी जायला हवं. जेवायच्या आधी इथे आरशापुढे मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज फुटला, अडला नाही. फक्त एक गोष्ट तुला सांगून ठेवतो, माय, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ‘ही’च्या नंतर किंचित थांबलो. आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत माझं ठरून गेलं होतं की त्या वेळी वर्गातले दिवे बंद असावेत, फक्त पडद्याचा उजेड असावा, आणि मी पडद्याच्या डाव्या बाजूला उभं राहावं, तू बघतेस तिथे.